ठिणगीशिवाय पेटणारं इंजिन

पेट्रोलच्या इंजिनात आग लावायला स्पार्क प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तसलं काही नसतं. पिस्टन वर सरकतो, सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पटींनी आकसते आणि निव्वळ दाबली गेल्यामुळे पाचशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे तापते. त्याच क्षणी डिझेलचा फवारा आत येतो आणि कुणी काडी न लावता पेट घेतो. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एखाद्या इमारतीखाली काचेवर 'विकणे आहे' असा कागद चिकटवून उभी असलेली बारा वर्षांची डिझेल गाडीसुद्धा किल्ली फिरवली की हेच करते. नुसत्या हवेतून आग! या गोष्टीचं मला वाटणारं आश्चर्य आजवर कमी झालेलं नाही.

जुनी डिझेल गाडी घ्यायला निघालेल्या माणसाने एवढी एक गोष्ट मनात धरली, तर काय तपासायचं याची यादी पाठ करावी लागत नाही. हवा नीट दाबली जाते का? डिझेल हव्या त्या क्षणी, हवं तेवढंच आत येतं का? जळून उरलेलं नीट बाहेर पडतं का? बाकीचं बहुतेक सगळं या प्रश्नांच्या पोटात आहे. आणि त्यांची उत्तरं इंजिन स्वतःच देतं. आवाजातून देतं, धुरातून देतं, ऑइलमधून देतं. विकणारा काय सांगतो ते नंतर ऐकलं तरी चालतं.

हे इंजिन ज्याचं, तो रुडॉल्फ डिझेल हा पॅरिसमध्ये १८५८ साली जन्मलेला जर्मन अभियंता. म्युनिकमध्ये तो कार्ल फोन लिंडे यांचा विद्यार्थी होता. हे लिंडे म्हणजे कृत्रिम शीतकरणातलं मोठं नाव. वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवतं ही गोष्ट शिकताना डिझेलच्या मनाला लागली ती कायमची. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावून दाखवली. तेव्हाची वाफेची इंजिनं दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. हवा जितकी जास्त दाबाल, तितकं त्याच थेंबातून जास्त काम मिळतं, हे त्याने ओळखलं होतं.

आपल्याकडे हे इंजिन आधी विहिरीवर आलं. साताऱ्याच्या कूपर कंपनीने आणि किर्लोस्करांनी बनवलेली डिझेल इंजिनं वीज पोचण्याआधी शिवाराशिवारांत पाणी उपसत होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली उभी राहिली. मोटारींचं पर्व पुष्कळ नंतरचं. टाटांची इंडिका १९९८ च्या डिसेंबरात आली आणि लहान कुटुंबाच्या गाडीतही डिझेल शोभू शकतं हे लोकांना पटलं. २००१ मध्ये स्कोडाने आपल्या शेंद्र्यात कारखाना उघडला आणि १.९ लिटर डिझेलची ऑक्टाव्हिया इथून देशभर गेली. बोलेरो आणि स्कॉर्पिओ नाशिकच्या. इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा मोठा कारखानाही नाशिकलाच, सातपूरला. स्विफ्टपासून मांझापर्यंत डझनभर गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मारुतीसाठी हरियाणातल्या मानेसरला बनत होतं आणि टाटा-फियाटसाठी पुण्याहून नगरकडे येताना लागणाऱ्या रांजणगावात. म्हणजे जालना रोडवर धावणाऱ्या कित्येक जुन्या डिझेल गाड्यांचं माहेर इथून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. सुटे भाग आणि त्या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री इथे सहज मिळतात, त्याचं कारण हेच.

आता गाडीकडे वळू. पहिली तपासणी थंड इंजिनाची. गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर नम्रपणे दुसऱ्या दिवशीची वेळ मागा, कारण तापलेलं इंजिन आपले निम्मे आजार लपवतं. त्यामागचं गणित फार सुंदर आहे. संभाजीनगरात हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांपर्यंत उतरतो, मे महिन्याच्या दुपारी चाळिशी ओलांडतो. फरक तीस अंशांचा. पण हीच हवा सतरा पटींनी दाबली की तो फरकही तापमानाबरोबर फुगतो आणि दाब पुरा होईपर्यंत ऐंशी अंशांच्या घरात जातो. शिवाय थंड सिलिंडरच्या भिंती उष्णता शोषून घेतात आणि स्टार्टरवर इंजिन हळू फिरत असल्यामुळे रिंगांच्या कडेने हवेला निसटायला सवडही मिळते. निरोगी इंजिनाकडे हे सगळं सोसूनही डिझेल पेटवण्याइतकी उष्णता शिल्लक राहते. झिजलेल्या इंजिनाकडे राहत नाही. ते बराच वेळ नुसतं फिरत राहतं, मग एखादा सिलिंडर पेटतो, मग दुसरा, आणि पांढरट धूर सोडत, थरथरत गाडी कशीबशी सुरू होते.

थंडीत मदतीला हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवली की वेटोळ्या तारेच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो तो त्यांचा. त्यांचं टोक काही सेकंदांत लालबुंद होतं. हा दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच स्टार्टर मारा. उन्हाळ्यात गाडी घेत असाल तर मात्र या परीक्षेवर पूर्ण विसंबू नका. चाळीस अंशांच्या हवेत मेलेल्या हीटर प्लगचीही गाडी सुरू होते आणि खरी गोष्ट डिसेंबरात कळते. तेव्हा मिस्त्रीला मीटर लावून प्लग तपासायला सांगावं. काम थोड्या वेळाचं आहे.

इंजिन सुरू झालं की लगेच ॲक्सिलरेटर दाबू नका, ऐकत उभे राहा. थंड डिझेलची टकटक जास्त असते आणि तसं असणं स्वाभाविक आहे. डिझेल आत आल्यापासून ते पेट घेईपर्यंत एक निमिषभराचा अवकाश जातो, तेवढ्यात साठलेलं डिझेल एकदम भडकतं; तोच तो ठोका. इंजिन तापत गेलं की हा अवकाश आखडतो आणि आवाज मऊ होतो. दोन-चार मिनिटांनीही एकच ठोका वेगळा, ठरावीक तालात ऐकू येत राहिला, तर एखादा इंजेक्टर किंवा बेअरिंग काहीतरी सांगत आहे.

मग ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. पिस्टनच्या रिंगा नीट असतील तर ते झाकण इंजिनाच्या थरथरीने जरासं हलेल, इतकंच. रिंगा झिजल्या असतील तर दाबलेली हवा आणि जळलेला वायू खाली ऑइलच्या टाकीत निसटतो आणि त्या तोंडातून भकाभका वाफ मारत बाहेर पडतो. मिस्त्री लोक अशा गाडीला 'हाफ इंजिनचं काम आहे' म्हणतात. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, चॉकलेटी रंगाचा चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय अशी शंका घ्यावी. बहुधा हेड गॅसकेट. कमी चालवलेल्या गाडीत हिवाळ्यात नुसत्या दमटपणानेही थोडा थर येतो, म्हणून कूलंटची टाकीही उघडून बघा, अर्थात इंजिन थंड असतानाच. तिच्यात तेलाचा तवंग असेल तर शंकेला जागा राहत नाही.

डिपस्टिक काढल्यावर ऑइल काळंभोर दिसेल. घाबरू नका. डिझेल गाडीत नवं ऑइल टाकून काही दिवस फिरलात की ते काळं होतं, कारण ज्वलनातली काजळी अंगावर घेऊन तरंगत ठेवणं हेच त्याचं एक काम आहे. आश्चर्य वाटायला हवं ते सोनेरी, पारदर्शक ऑइल दिसलं तर. याचा अर्थ ते काल-परवाच बदललंय, आणि का बदललं हे विचारायला हवं. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर ते आणखी गंभीर. त्याचं कारण पुढे येईल.

धुराची भाषा जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ असते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: तुंबलेला एअर फिल्टर, फुटका टर्बोचा पाइप, गळका इंजेक्टर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थंडीत क्षणभर आला तर ते न जळलेलं डिझेल. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळतंय.

आता या यंत्रातला माझा सगळ्यात लाडका भाग, इंजेक्टर. आजच्या कॉमन रेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरांना जोडणारी एक जाड नळी, म्हणजे रेल, असते आणि इंजिन पूर्ण जोरात असताना तिच्यात डिझेल सोळाशे ते दोन हजार बार दाबाने कोंबलेलं असतं. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब एक बार. जगातल्या सगळ्यात खोल जागी, प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, पाण्याचा दाब साधारण अकराशे बार असतो. म्हणजे चिकलठाण्याच्या सिग्नलवरून तुमच्या शेजारून जोरात सुटलेल्या जुन्या डिझायरच्या बोनेटखाली मारियाना गर्तेच्या तळाहूनही जास्त दाब नांदत असतो. कॉमन रेल असलेली पहिली मोटार होती १९९७ ची आल्फा रोमिओ १५६. पुढच्या दहा-बारा वर्षांत हेच तंत्र मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं.

आणि मोजमाप पाहा. वीस किलोमीटरचं ॲव्हरेज देणारी चार सिलिंडरची गाडी ताशी साठच्या वेगाने जात असेल तर तासाला तीन लिटर डिझेल लागतं. इंजिन मिनिटाला अठराशे फेरे घेत असेल तर तासात दोन लाखांहून जास्त वेळा डिझेल आत फवारलं जातं. भागाकार करा: एका वेळी सुमारे चौदा घन मिलिमीटर, पाण्याच्या एका थेंबाचा जेमतेम पाव हिस्सा. तो पाव थेंबही एकदम सोडत नाहीत. आधी एक-दोन घन मिलिमीटरचा इवलासा फवारा, आतली हवा आणखी तापवायला. मग मुख्य फवारा. आधीच्या त्या छोट्या फवाऱ्यामुळेच नव्या डिझेलचा ठोका इतका सौम्य झाला. हे सगळं केसाच्या जाडीच्या दीड-दोन पट भोकांमधून, सेकंदाच्या काही हजाराव्या भागात. इंजेक्टरच्या सुईत आणि तिच्या घरात फट असते दोन-चार मायक्रॉनची, आणि त्या फटीतलं डिझेल हेच तिचं वंगण.

म्हणूनच पाणी आणि भेसळ या इंजेक्टरांच्या जिवावर उठतात. पाणी सुईला गंज चढवतं, रॉकेलची भेसळ वंगण काढून घेते. गाडी पाहताना डिझेल फिल्टर कधी बदलला हे विचाराच, आणि शक्य असेल तर तो उघडून आतलं डिझेल काचेच्या बाटलीत ओता. तळाशी पाणी साचलं तर सावध. उन्हात धरल्यावर धातूची बारीक चकाकी दिसली तर त्या गाडीला तिथेच नमस्कार करावा. रेलमध्ये डिझेल कोंबणारा हाय प्रेशर पंप स्वतःला खरवडतो आहे आणि ती पूड रेलमधून सगळ्या इंजेक्टरांत पोचलेली असणार.

इंजेक्टर तपासायची एक साधी रीत आहे, आणि तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक इंजेक्टर थोडं डिझेल परत टाकीकडे पाठवतो. त्या रिटर्नच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं आणि चारही बाटल्यांतली पातळी शेजारी शेजारी पाहायची. तीन सारख्या आणि चौथी दुप्पट भरली असेल तर चौथा इंजेक्टर आतून झिजला आहे. पंप-नोझलच्या दुकानात ही रिटर्न टेस्ट रोज होते. गाडीचा सौदा काही लाखांचा असतो. या तपासणीचा खर्च त्यापुढे काहीच नाही, आणि तरी दहातले नऊ जण ती न करताच गाडी घेतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हवेची बाजू टर्बो सांभाळतो. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा आत कोंबतं. छोट्या गाडीतलं हे चक्र चारेक सेंटिमीटर व्यासाचं असतं आणि मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातं. हिशोब केला तर त्याच्या पात्यांची टोकं सेकंदाला चारशे मीटरहून वेगाने, म्हणजे आवाजापेक्षाही जलद, फिरत असतात. तो दांडा ऑइलच्या पातळशा थरावर तरंगतो. तो थर गेला की टर्बो गेला. इंजिन बंद असताना एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून चक्र बोटांनी हलवून बघा. आडवं किंचित हललं तर ठीक. दांड्याच्या दिशेने मागेपुढे सरकलं तर नाही. पाइपमध्ये तेलाचा हलका ओलावा चालतो, साचलेलं ऑइल चालत नाही. टर्बोचं सील फुटलं आणि ऑइल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाऊ लागलं, तर डिझेलचं इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळायला लागतं. अशा वेळी किल्ली बंद करून फार उपयोग होत नाही, कारण तोडायला ठिणगी मुळात नसतेच. इंजिन आपोआप चढत जातं. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून, क्लच सोडून ते गुदमरवावं लागतं. क्वचित घडतं, पण निळ्या धुराकडे दुर्लक्ष करू नये ते याचसाठी.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच सोडून दिलं. ज्यांनी सोडलं नाही त्यांच्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी, आली. त्या गाड्या आता जुन्यांच्या बाजारात यायला लागल्या आहेत आणि ही गाळणी समजून घेतल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. ती सच्छिद्र सिरॅमिकची असते. आत हजारो बारीक बोगदे, एक पुढून बंद, शेजारचा मागून बंद. धुराला एका बोगद्यातून दुसऱ्यात जायला भिंतीतूनच झिरपावं लागतं आणि मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके काजळीचे कण तिथे अडकतात. गाळणी भरत आली की इंजिनाचा संगणक चालकाला न सांगता थोडं जादा डिझेल सोडतो, गाळणीचं तापमान सहाशे अंशांपर्यंत नेतो आणि साठलेली काजळी जाळून टाकतो. गाडी चालता चालता स्वतःचं धुराडं साफ करते! मात्र यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने धावावं लागतं.

गारखेड्याहून क्रांती चौकापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला ती पंधरा मिनिटं कधीच मिळत नाहीत. जाळण्याचा प्रयत्न सुरू होतो आणि गाडी बंद होते, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. ते जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवरची पातळी वर चढते ती अशी. ऑइल पातळ होतं आणि टर्बोपासून बेअरिंगपर्यंत सगळ्यांची झीज वाढते. या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ज्याचं फिरणं फक्त शहरातलं, त्याने बीएस-६ डिझेल घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. आणि ज्याला महिन्यातून दोनदा कामासाठी नागपूर गाठावं लागतं, त्याच्यासाठी याहून चांगली गाडी नाही. सावंगीला किंवा माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढलं की तासाभराच्या एकसारख्या वेगात ती गाळणी लख्ख होते. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता. डिझेल गाडीच्या प्रकृतीला या शहराच्या जवळून असा रस्ता जाणं फार मानवणारं आहे.

गाळणी शाबूत आहे का हे ओळखायला एक रुमाल पुरतो. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाच्या आतून पांढरा रुमाल फिरवा. डीपीएफ नीट असेल तर तो जवळजवळ स्वच्छ निघतो. काळाकुट्ट निघाला तर गाळणी फुटली आहे, किंवा कुणीतरी ती काढून टाकून संगणकाला 'रिमॅप' करून गप्प बसवलं आहे. हे बेकायदा आहे, आणि त्या काजळीचे कण आपल्याच मुलांच्या फुप्फुसांत जातात.

टायमिंग बेल्टबद्दल थोडक्यात. मल्टिजेटमध्ये चेन असते, ऑक्टाव्हियाच्या १.९ टीडीआयमध्ये आणि डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये बेल्ट. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबायची असते की पिस्टन वर आल्यावर वाल्वना जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की पिस्टन वाल्ववर आदळतो आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल दिसत नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. जागा नसल्यामुळेच पुराचं पाणीही डिझेलला जास्त महागात पडतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पाणी आत गेलेलं इंजिन कुणी सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यानेच पूर सोसला. तेव्हा सीटखालच्या बोल्टवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारी मातीची रेघ आणि गालिच्याखालचा कुबट वास हे तिन्ही पाहायचं.

किलोमीटरच्या आकड्याकडे वेगळ्या नजरेने बघा. ज्याचं फिरणं जास्त तोच डिझेल घेतो. त्यामुळे दहा वर्षांत चाळीस हजार किलोमीटर दाखवणारी डिझेल गाडी आधी चौकशीचा विषय असते. पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत झिजलेलं आणि मीटर मात्र तरुण, असं जमत नाही. टायरवरच्या चार आकड्यांत त्याचा जन्म असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सगळ्यात बोलका असतो तो स्कॅनर. दोष पुसून टाकता येतात, पण दोष पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही संगणक लिहून ठेवतो. तो आकडा 'पंधरा' आला तर कालच कुणीतरी पाटी कोरी केली आहे.

कागदपत्रांत या शहराशी जोडलेली एक मोठी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीझ-बेंझ घेतल्या आणि साऱ्या देशाने तोंडात बोट घातलं. पण मर्सिडीझ असो की इंडिका, खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांचीच. २०१० च्या ऑक्टोबरात इथलं एमएच-२० पासिंग झालेल्या गाड्यांची मुदत २०२५ च्या ऑक्टोबरात संपली. पुढे गाडीची तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५००० झालं. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

दिल्ली पासिंगची चकचकीत डिझेल गाडी अर्ध्या किमतीत दिसली तर त्यामागे २०१५ चा हरित लवादाचा आदेश असू शकतो, दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या तिथल्या रस्त्यावर नकोत हा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला होता; २०२५ मध्ये त्यात बदल झाले. अशी गाडी वाईट असेलच असं नाही, पण तिच्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला कर हे दोन्ही मोजूनच भाव करा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलनं थकली आहेत का, गाडी आधी टॅक्सी पासिंगची होती का, हे एम-परिवहनवर आणि आरटीओत कळतं. चेसिस नंबर कागदावर वाचून थांबू नका, गाडीवर कोरलेला डोळ्यांनी पडताळा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नव्हे. आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत पाठपुरावा करायचा.

शेवटी गाडी चालवायला मागा, आणि सपाट रस्त्यावर नको. दौलताबादचा घाट चढून खुलताबादकडे जा, चारही सीटवर माणसं बसवून. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगातून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्यांचा काटा वर पळाला आणि गाडी तिथेच रेंगाळली तर क्लच संपला आहे. डिझेलचे धक्के जोराचे असल्याने बऱ्याच गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असतं. इंजिन बंद करताना खडखड झाली तर क्लचबरोबर त्याचाही खर्च येतो. टर्बोचा जोर एका दमात यावा, अडखळत नव्हे. तापमानाचा काटा मध्यावर आला की तिथेच राहायला हवा.

वर पोचलात की मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, टर्बोला निवायला. मग बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा किल्ली फिरवा. या परीक्षेचा विचार फारसं कुणी करत नाही. सकाळची थंड सुरुवात हवेचा दाब तपासते; ही गरम सुरुवात डिझेलचा दाब तपासते. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपाच्या, इंजेक्टरच्या त्या मायक्रॉनभर फटीतून सहज निसटतं. रेलमध्ये साधारण दोनशे बार साठेपर्यंत संगणक इंजेक्टर उघडतच नाही. सकाळी झटक्यात सुरू झालेली गाडी इथे दहा-दहा सेकंद स्टार्टर खात बसली, तर पंप आणि चार इंजेक्टर यांचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि मागितलेल्या किमतीतून वजा करा. विकणाऱ्याला ते मान्य नसेल तर घाट उतरून त्याची गाडी त्याला परत द्या.